रिअलटाइम केलं आणि माउस गोठला

गेल्या महिन्यात संथ कंप्युटरवर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं : ‘टास्क मॅनेजरमधून प्रोग्रॅमची प्रायॉरिटी बदलता येते.’ कधी बदलावी, वर न्यावी की खाली, यातलं काही लिहिलं नाही. पान संपलं होतं. त्या अर्धवट वाक्याचं व्याज आता फेडते आहे. आलेल्या पत्रांतली पाच घेतली आहेत. ज्यांचं मशीन माझ्यापायी बंद पडलं, त्यांचं पत्र पहिलं.

प्रश्न : ताई, माझं इचलकरंजीत लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. चार कोअरचा (चार कामं एका वेळी करणारा) प्रोसेसर, 8 जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. एका लग्नाचा व्हिडिओ रेंडर व्हायला, म्हणजे एडिटिंगनंतर तयार फाइल बनायला, रात्र जाते. तुमचं वाचून भाच्यानं रेंडरच्या प्रोग्रॅमला सगळ्यात वरची ‘रिअलटाइम’ प्रायॉरिटी दिली. पाच मिनिटांत माउस गोठला, कीबोर्ड चालेना, शेवटी बटण दाबून मशीन बंद केलं. दुसऱ्या रात्री एक पायरी खाली ‘हाय’ ठेवली. मशीन चाललं, पण वेळ तेवढाच लागला. मग या सोयीचा उपयोग तरी काय?

उत्तर : आधी भाच्याची बाजू घेते. ‘रिअलटाइम’ हा शब्दच फसवा आहे. वाचणाऱ्याला वाटतं, यानं काम झटपट होईल. इथे त्याचा अर्थ फक्त ‘मध्ये कोणी यायचं नाही’ एवढाच आहे.

विंडोजमध्ये अग्रक्रमाच्या 32 पायऱ्या आहेत, 0 ते 31. रोजचे प्रोग्रॅम ‘नॉर्मल’ म्हणजे 8 च्या आसपास असतात. ‘बिलो नॉर्मल’ 6, ‘अबव्ह नॉर्मल’ 10, ‘हाय’ 13. आणि ‘रिअलटाइम’ एकदम 24. म्हणजे यादीत ‘हाय’च्या लगेच वर दिसत असलं तरी मधे अख्खा मजला आहे. 16 पासून वरच्या मजल्यावर जे काम गेलं ते चालू असेपर्यंत खालच्या कुणालाही त्या कोअरवर पाय ठेवता येत नाही. माउसचा बाण हलवणं, डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून टाकणं, असली घरगुती कामं त्याच्या मागे ताटकळत उभी राहतात. असं होईल हा इशारा मायक्रोसॉफ्टनं स्वतःच्या माहितीपत्रात दिलेला आहे, माउसचं उदाहरण देऊन. तुमचा रेंडर चारही कोअर व्यापत असणार. त्यामुळे मशीन बिघडलं नव्हतं, फक्त तुमच्याकडे बघायला कुणी मोकळं नव्हतं. भाच्यानं प्रोग्रॅम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला असेल. नाहीतर विंडोज शहाणपणानं ‘रिअलटाइम’ मागितलं तरी ‘हाय’च देतं.

आता ‘हाय’ देऊनही वेळ का वाचला नाही ते.

माझं माहेर कृष्णेच्या कालव्याखालचं. पाणी सुटलं की पाटकरी ठरवायचा, आज कुणाचं बारं, उद्या कुणाचं. वडील रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे. पाटकऱ्याशी कितीही घरोबा असला, तरी तो फार तर तुमचा नंबर वर घेणार. कालव्यातलं पाणी वाढवणं त्याच्या हातात नाही. ऑपरेटिंग सिस्टिमचा शेड्यूलर म्हणजे हाच पाटकरी. सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, वेळ हे पाणी. रात्री दुकान बंद करून तुम्ही रेंडर लावून गेलात तेव्हा त्या पाटावर शेतकरी तुम्ही एकटेच होता. एकट्याला पहिला नंबर देऊन काय मिळणार?

आणि मला दाट शंका आहे की तुमचं पाणी सीपीयूपाशी अडलेलंच नाही. रेंडर चालू असताना टास्क मॅनेजरचं परफॉर्मन्स पान उघडा. सीपीयू 100 टक्क्यांला टेकलेला असेल तर ठीक, मशीन खरंच राबतंय. पण सीपीयू 40 वर आणि डिस्क 100 वर दिसली तर? मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मूळ फुटेज एकाच साध्या हार्ड डिस्कवर, तयार व्हिडिओही त्याच डिस्कवर, आणि 8 जीबी रॅम अपुरी पडली की विंडोजचा मेमरीचा जादा पसाराही तिथेच. सीपीयूची प्रायॉरिटी कितीही चढवा, तो डिस्ककडून पुढचा तुकडा यायची वाट बघत बसलेला असतो. एक एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) घ्या, फुटेज तिच्यावर ठेवून रेंडर करा. खर्च आहे, पण तो योग्य जागी आहे.

उपयोग काय, हा तुमचा शेवटचा सवाल. उपयोग उलट्या बाजूनं आहे. रेंडरला ‘बिलो नॉर्मल’ द्या आणि दिवसा लावा. तुम्ही अल्बमची पानं लावत बसलात तर सीपीयू आधी तुमच्या अल्बमला मिळेल, तुम्ही चहाला उठलात की रेंडरला. टायपिंग, क्लिक करणं याला सीपीयू लागतो तरी किती? थेंबभर. तो थेंब ताबडतोब मिळाला की माणसाला मशीन वेगवान वाटतं, आणि रेंडरला त्याचा फारसा फटका बसत नाही. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडलात तर ही निवड पुन्हा करावी लागते, एवढं लक्षात असू द्या.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. नव्वदच्या दशकात मी एका संस्थेत युनिक्सचं एक मशीन सांभाळत होते. एक प्रोसेसर, त्याला जोडलेले बारा टर्मिनल, बारा कारकून. महिन्याच्या शेवटी पगारपत्रकाचा प्रोग्रॅम चालायचा आणि साहेब पाठीशी उभे राहायचे. एका महिन्यात मी रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य मालकाचा, अधिकार वापरून पगाराला सगळ्यांच्या पुढे नेलं. कारकुनांनी दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटायला काही सेकंद लागायला लागले. मग ते तेच अक्षर चार-चारदा दाबायला लागले. मला चूक कळली, पण दुरुस्तीची कमांड मी ज्या टर्मिनलवर टाइप करत होते, तेही त्याच रांगेत होतं! पुढच्या महिन्यापासून मी पगाराला हात लावला नाही. दुपारी दोन अहवाल चालायचे त्यांना खाली बसवलं. पगार वेळेत झाला. साहेबांना वाटलं, नवीन मशीन आणलं.

प्रश्न : मॅडम, मी नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. व्हायव्हाला परीक्षकांनी विचारलं, ‘लिनक्समध्ये नाइस व्हॅल्यू उणे 20 म्हणजे प्रायॉरिटी जास्त की कमी?’ मी कमी म्हणालो. मार्क गेले. लहान आकड्याची प्रायॉरिटी जास्त असं उलटं का ठेवलंय? आणि स्टार्वेशन, म्हणजे एखाद्या कामाला पाळीच न मिळणं, खरंच कधी होतं का, की फक्त पेपरात?

उत्तर : मार्क गेले त्यात तुझ्यापेक्षा नावाचा दोष जास्त आहे, कारण नाव पाठ झालं आणि अर्थ कुणी सांगितला नाही. ‘नाइस’ म्हणजे भला, मनमिळाऊ. हा आकडा प्रायॉरिटीचा नाहीच. प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम, किती भिडस्त आहे याचा आहे. 19 म्हणजे ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ म्हणत दारातच उभा राहणारा पाहुणा. उणे 20 म्हणजे चपलांसकट आत येऊन पाटावर बसणारा. मधे शून्य, तिथे आपण सगळे. साधा युजर स्वतःच्या प्रोसेसला भिडस्त करू शकतो, उद्धट करायला रूट लागतो. नाइस कमांडला आकडा दिला नाहीस तर ती 10 धरते. आधीच चालू असलेल्या प्रोसेसला रीनाइस ही कमांड. टॉप या चालू प्रोसेसच्या यादीत पीआर (प्रायॉरिटी) आणि एनआय (नाइस) असे दोन रकाने दिसतात. साध्या प्रोसेसचा पीआर म्हणजे 20 अधिक नाइस. हे परीक्षक विचारतात.

याच्यापुढचं फारसं कुणी विचारत नाही, पण खरी गंमत तिथे आहे. लिनक्समध्ये नाइसचा प्रत्येक आकडा एका वजनाला बांधलेला आहे. नाइस 0 चं वजन 1024. नाइस 5 चं 335, नाइस 10 चं 110, नाइस 19 चं अवघं 15. एकेका पायरीला साधारण सव्वापट फरक. आता एकाच कोअरवर दोन भुकेल्या प्रोसेस सोड, एक 0 वर, एक 5 वर. 1024 भागिले 1359 : पहिलीला 75 टक्के, दुसरीला 25. आता त्याच दोघी 10 आणि 15 वर ने. वजनं 110 आणि 36. पुन्हा 75 आणि 25! आकडा स्वतः काहीच सांगत नाही, दोघींतला फरक सांगतो. सगळ्या वर्गाला नाइस 19 दिलंस तर कुणालाच कमी पडणार नाही.

म्हणजे विंडोजचा पाटकरी आणि लिनक्सचा पाटकरी वेगळ्या स्वभावाचे आहेत. विंडोजचा म्हणतो, वरच्याचं शेत भिजेपर्यंत खालच्यानं थांबायचं. लिनक्सचा साध्या प्रोसेसना वाटा देतो, कमी असेल पण देतो. कुणी किती वेळ पाणी घेतलं याची प्रत्येकाची एक वही असते, आणि जिच्या वहीत सगळ्यात कमी भरलंय तिचं बारं पुढचं. भारी वजनाच्या प्रोसेसची वही हळू भरते, हलकीची भराभर. वजनाचा खेळ एवढाच. हा सीएफएस (कम्प्लीटली फेअर शेड्यूलर), इंगो मोल्नार यांनी लिहिलेला, 2007 मध्ये 2.6.23 या कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला. त्याआधी ‘समान वाटा’ हा विचार लावून धरणारे कॉन कोलिवास हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ डॉक्टर! ऑपरेशन थिएटरमध्ये लोकांना झोपवायचे आणि फावल्या वेळात लिनक्सच्या डेस्कटॉपला जागं ठेवायची खटपट करायचे. त्यांचा कोड कर्नलमध्ये गेला नाही, विचार गेला. 2023 च्या 6.6 पासून सीएफएसची जागा ईईव्हीडीएफ नावाच्या शेड्यूलरनं घेतली आहे, त्याचं मूळ 1995 च्या एका शोधनिबंधात आहे. वाट्याची वही तिथेही आहेच. जोडीला प्रत्येकाची मुदत धरली जाते, म्हणजे ज्याला थोडंच पण लवकर हवंय त्याची सोय होते. तुझ्या पुस्तकात कदाचित अजून सीएफएसच असेल. परीक्षकांना दोन्ही सांग.

स्टार्वेशन. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, शेत असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचार, खरं की पेपरातलं. कालव्याच्या माथ्याला मोटारी टाकून पाणी उचलणारे बसले की शेपटापर्यंत ओलही पोचत नाही. कागदावर त्याचा नंबर असतोच! पाठ्यपुस्तकांत एक गोष्ट फिरते, की 1973 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतलं आयबीएम 7094 हे मशीन बंद करताना 1967 साली टाकलेलं एक काम रांगेत तसंच सापडलं. अफवा म्हणूनच सांगतात ती, तूही तशीच सांग. खोटी असली तरी अशक्य नाही, कारण निव्वळ ‘वरचा आधी’ या नियमात वरचे येतच राहिले तर खालच्याला कधीच वेळ येत नाही.

त्यावरचा उतारा म्हणजे एजिंग : थांबलेल्याचा नंबर थांबण्यानेच वाढवायचा. विंडोज तो असा करतं : साधारण चार सेकंद तयार असूनही ज्याला सीपीयू मिळालेला नाही त्याला शोधून तात्पुरतं 15 वर चढवतं, थोडं पळू देतं, पुन्हा जागेवर. (वरच्या इचलकरंजीच्या पत्रात याचा उपयोग का झाला नाही, ते बघ. 15 वर चढला तरी समोर 24 वाला उभा आहे.) आणि एमआयटीतच, 1961 साली फर्नांडो कॉर्बातो यांच्या चमूनं जी सीटीएसएस ही सिस्टिम दाखवली, तिच्या शेड्यूलरची युक्ती अजून शिकवतात. लवकर उरकणारं काम वरच्या रांगेत. दिलेल्या वेळेत संपलं नाही की एक रांग खाली, पण तिथे पाळी आली की वेळ दुप्पट. कोण छोटं, कोण मोठं हे आधी माहीत नसताना वागण्यावरून ओळखायचं. तुझ्या अभ्यासक्रमात याचं नाव मल्टिलेव्हल फीडबॅक क्यू.

व्हायव्हात स्टार्वेशन आणि डेडलॉक यांत घोळ करू नकोस. डेडलॉकमध्ये दोघंही एकमेकांची वाट बघत कायमचे अडकतात, सीपीयू मोकळा असला तरी. स्टार्वेशनमध्ये एक उपाशी असतो आणि बाकीचे जेवत असतात.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची, बंगळुरूला संशोधनासाठी आहे. उबुंटू लिनक्स वापरते. एका टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) माझं मुख्य सिम्युलेशन, दुसऱ्यात डेटा तपासणारी स्क्रिप्ट. स्क्रिप्टला नाइस 19 दिलं, टॉपमध्ये 19 दिसतंही, तरी दोन्ही चढाओढीला आल्या की ती निम्मा सीपीयू खाते. नाइस बंद पडलंय का?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला आनंद झाला, कारण याच खड्ड्यात मी दोन दिवस होते.

नाइस बंद पडलेलं नाही, त्याचं राज्य लहान झालंय. 2011 च्या मार्चमध्ये 2.6.38 या कर्नलमध्ये ऑटोग्रुप नावाची सोय आली. हेतू चांगला होता : एका टर्मिनलमध्ये वीस-वीस कंपायलर सुटले तरी शेजारी चाललेला सिनेमा अडखळू नये. म्हणून कर्नल एकेका टर्मिनलच्या प्रोसेसना एक कुटुंब धरतो आणि आधी कुटुंबांत सारखी वाटणी करतो. नाइस मग कुटुंबाच्या आत. तुमच्या स्क्रिप्टनं मोठ्या भलेपणानं सगळ्यांना पुढे जाऊ दिलं, पण घरात दुसरं कुणी नव्हतंच! शेजारच्या घराला त्याचा काय फायदा? निम्मं पाणी त्या घराचं, ते तिनं घेतलं. हल्लीच्या डेस्कटॉपवर प्रोग्रॅम चालू-बंद करणारा लिनक्सचा कारभारी, सिस्टिमडी, तोसुद्धा प्रोग्रॅमना सीग्रुप नावाच्या गटांत टाकतो, तिथेही असाच प्रकार होतो.

खात्री करून घ्या. दोन रिकाम्या लूप (नुसते गोल फिरत राहणारे प्रोग्रॅम) टास्कसेट या कमांडनं एकाच कोअरला बांधा. दोन्ही एकाच टर्मिनलमधून सोडल्या, एक 0 वर आणि एक 19 वर, तर साधारण साडेअठ्ठ्याण्णव आणि दीड टक्का अशी वाटणी दिसेल. वेगवेगळ्या टर्मिनलमधून सोडल्या की पन्नास-पन्नास. टास्कसेट विसरू नका; लॅपटॉपला आठ कोअर आणि भुकेल्या प्रोसेस दोनच असतील तर दोघींना आख्खा आख्खा कोअर मिळतो आणि नाइस काहीही ठेवा, फरक शून्य.

उपाय : सोपा हा, की दोन्ही एकाच टर्मिनलमधून चालवा, कमांडच्या शेवटी अँपरसँड (&) लावून. किंवा प्रॉक या फोल्डरात स्क्रिप्टच्या प्रोसेस क्रमांकाखाली ऑटोग्रुप नावाची फाइल असते, तिच्यात 19 लिहा. मग अख्खं कुटुंबच भिडस्त होतं. माझी पसंती सिस्टिमडी-रन या कमांडला आहे. तिथे सीपीयूवेट हा आकडा देता येतो, न दिल्यास तो 100 धरला जातो. स्क्रिप्टला 10 द्या. वाटणी ज्या पातळीवर होते त्याच पातळीवर बोललेलं बरं.

आणखी एक. स्क्रिप्ट मोठमोठ्या फाइली वाचत असेल तर नाइस पुरणार नाही, डिस्कच्या रांगेसाठी आयओनाइस ही वेगळी कमांड आहे. त्यातला ‘आयडल’ वर्ग म्हणजे डिस्क दुसऱ्या कुणाला नको असेल तेव्हाच मला. डिस्कचा शेड्यूलर ते मानणारा असावा लागतो, सगळेच मानत नाहीत.

प्रश्न : रत्नागिरीहून लिहिते. मोबाइलवर भजनं रेकॉर्ड करते. मधे व्हॉट्सअ‍ॅप बघितलं की रेकॉर्डिंगचं अ‍ॅप बंद झालेलं असतं. अ‍ॅपची प्रायॉरिटी कशी वाढवू?

उत्तर : तुम्हाला नाही वाढवता येणार, आणि इथे प्रश्न सीपीयूचा नाही, जागेचा आणि बॅटरीचा आहे. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला समोर किती दिसतंय यावरून मान देतं : पडद्यावरचं पहिलं, मग पाठीमागे खरं काम करणारं, मग नुसतं उघडं पडलेलं. मेमरी कमी पडली की शेवटून सफाई सुरू. चांगलं रेकॉर्डिंग अ‍ॅप वरच्या पट्टीत ‘रेकॉर्डिंग चालू आहे’ अशी सूचना लटकवून ठेवतं. ती सूचना म्हणजेच त्याचा ‘मी कामात आहे’ हा अर्ज असतो. तुमचं अ‍ॅप ती दाखवत नसेल तर अ‍ॅप बदला. दाखवत असूनही मरत असेल, तर सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीच्या पानावर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. आणि भजन चालू असताना व्हॉट्सअ‍ॅप कशाला बघायचं, हे विचारायचा मोह आवरते.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालेला वाहतूक नियंत्रक. नातीच्या पुस्तकात वाचलं की कंप्युटरमध्ये कधीकधी उच्च प्राधान्याचं काम कमी प्राधान्याच्या कामामुळे अडकून पडतं. मला हे पटत नाही. गाडीला प्राधान्य दिलं की दिलं. मग अडकेल कशी? हे पुस्तकी लोकांचं काही तरी दिसतं.

उत्तर : काका, पुस्तकी नाही. मंगळावर घडलेलं आहे.

आधी घरातलं उदाहरण घ्या. तीन भावांची सामाईक विहीर, मोटर एक, स्टार्टरच्या पेटीची चावी एक. थोरल्याचा मान पहिला, हे सगळ्यांना मान्य. धाकटा चावी घेऊन पाणी सोडायला गेला. इतक्यात थोरल्याला मोटर हवी झाली. हरकत नाही, धाकट्याचं दहा मिनिटांत उरकलं असतं आणि चावी मिळाली असती. पण मधला आला. त्याला विहिरीशी कर्तव्य नव्हतं, त्यानं धाकट्याला बैलगाडीत घालून बाजारला नेलं. मधल्याचा मान धाकट्यापेक्षा मोठा, धाकटा नाही म्हणू शकत नाही. चावी त्याच्या खिशात. आता थोरला बसलाय बांधावर, मधल्याचा बाजार उरकायची वाट बघत. मान कुणाचा मोठा होता?

4 जुलै 1997 ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. फोटो आले, जगभर कौतुक झालं. हवामानाची नोंद घ्यायला सुरुवात झाली आणि काही दिवसांतच यानाचा कंप्युटर मधूनच स्वतःला रीसेट करायला लागला. रीसेट झाला की त्या दिवसाची उरलेली कामं दुसऱ्या दिवसावर. यानावर व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती, ज्याचा अग्रक्रम वरचा त्याला तात्काळ सीपीयू देणारी, तुमच्यासारखीच कडक. यानाच्या भागांमधली माहितीची देवाणघेवाण सांभाळणारं काम होतं वरच्या प्राधान्याचं. सेकंदाला आठ फेऱ्या. हवामानाच्या नोंदीचं काम अगदी खालचं. दोघांना एकच कुलूप लागायचं, प्रोग्रॅमवाले त्याला म्युटेक्स म्हणतात. हवामानवाल्यानं कुलूप घेतलं, आणि नेमकी त्याच वेळी मधल्या प्राधान्याची, लांबलचक कामं जागी झाली. त्यांना कुलपाशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी हवामानवाल्याला बाजूला सारलं, कुलूप त्याच्याकडेच. वरच्याची फेरी चुकली. आणि फेरी झाली का हे बघायला एक पहारेकरी बसवलेला होता, त्यानं नियमाप्रमाणे ठरवलं की काहीतरी गंभीर बिघडलंय, आणि रीसेट मारला. कुणीही नियम मोडला नव्हता! म्हणूनच सापडायला अवघड. उड्डाणाआधीही हे दिसलं होतं, पण मुद्दाम घडवायला गेलं की घडेना.

पृथ्वीवर जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत यानाची हुबेहूब जोडी होती. तिच्यावर बारीकसारीक नोंद चालू ठेवून अभियंत्यांनी तेच पुन्हा घडवलं. उपाय व्हीएक्सवर्क्समध्ये तयारच होता, त्या कुलपापुरता बंद ठेवलेला : चावी ज्याच्या खिशात आहे त्याला, चावी परत करेपर्यंत, वाट बघणाऱ्या थोरल्याचा मान द्यायचा. मग मधला त्याला बाजारला नेऊच शकत नाही. याचा पक्का नियम 1990 च्या एका शोधनिबंधात मांडलेला होता. लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की हे त्याचे लेखक. आणि हा पेच असतो, हे लॅम्पसन आणि रेडेल यांनी 1980 मध्येच लिहून ठेवलं होतं. यानाकडे छोटीशी दुरुस्ती पाठवली, बंद होतं ते चालू केलं, रीसेट थांबले.

तुमच्या डेपोतही हे झालंच असणार. रातराणीला मान पहिला, फलाट तिच्यासाठी मोकळा ठेवलेला, आणि तिचा चालक गावच्या गाडीतून येतोय, ती गावची गाडी फाटकापाशी निमआरामला वाट देत थांबलेली. तेव्हा तुम्ही फोन करून काय सांगितलं असतं? ‘गावच्या गाडीला आधी सोडा’ असंच ना? नातीला ते सांगा, आणि तिच्या पुस्तकातल्या आकृतीत चावी कुणाच्या खिशात दाखवली आहे, ते एकदा तिच्याकडून बोट ठेवून घ्या.